येत्या गुरुवारी शपथ आहे. पासपोर्ट परत करताना तुम्हाला काय वाटलं होतं?

कृष्णाकाठची
रविवार, रात्री ११:१८

मंडळी, सहा वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला माझा कॅनडाच्या नागरिकत्वाचा शपथविधी आहे. झूमवर. ईमेलमध्ये सूचनांची यादी आली आहे: चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, स्क्रीनवर पूर्ण नाव दिसू द्या, पीआर कार्ड (कायम वास्तव्याचं ओळखपत्र) आणि कात्री हाताशी ठेवा. कात्री कशाला, तर अधिकारी सांगतील तेव्हा कॅमेऱ्यासमोर कार्डाचे तुकडे करायचे. इतकी वर्षं पाकिटात जिवापाड जपलेलं कार्ड!

पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. तो भरताना काही वाटलं नाही. परीक्षेत वीसपैकी एकोणीस आले तेव्हा तर पेढे वाटावेसे वाटले. पण काल शपथेचा मजकूर मोठ्याने वाचून बघितला आणि पहिल्याच वाक्याला जीभ अडखळली. राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन, असं म्हणायचं आहे.

माझे आजोबा कुंडलच्या बाजूचे. प्रतिसरकारच्या काळात सोळा-सतरा वर्षांचे होते, रात्री या गावचा निरोप त्या गावाला पोचवायचे. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला ताम्रपट अजून गावच्या घरी सोप्यात आहे, आरशाशेजारी. लहानपणी शाळेत जाताना त्याच आरशात बघून भांग पाडायचे, त्यामुळे त्यावरची अक्षरं पाठ आहेत. आणि आता मी राजाला निष्ठा वाहणार.

दोन प्रश्न. एक, कायद्याने भारतीय नागरिकत्व नक्की कोणत्या क्षणी जातं? शपथ घेतली की पासपोर्ट जमा केला की? दोन, तुमच्यापैकी जे यातून गेलेत त्यांना खरंच काय वाटलं? "कागदच तर आहे" असं नवरा म्हणतो. त्याने गेल्या वर्षीच घेतलं. मला तसं म्हणता येत नाहीये.

आईला अजून सांगितलेलं नाही.

---

टवाळ_पोपट

आजोबांनी सहाव्या जॉर्जला घालवलं, नात त्याच्या नातवाला मुजरा करणार. आजोबांचं आजोबांशी भांडण, नातवंडांनी मिटवलं. यात वाईट काय?

---

मंजुळा

पहिली! वाचतेय. पोपटराव, तुम्ही कुठल्याही धाग्यावर आधी येऊन बसलेले कसे असता हो?

---

वकीलसाहेबा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शपथ घेतली त्या क्षणी. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं आपोआप संपतं. कोणी ते काढून घ्यावं लागत नाही, तुम्ही अर्ज करून सोडावंही लागत नाही. अर्ज करून सोडणं हा वेगळा प्रकार, तो कलम ८ मध्ये आहे.

पासपोर्ट जमा करून जे सरेंडर सर्टिफिकेट मिळतं, ती नंतरची कागदोपत्री पूर्तता. ती लांबवू नका. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. "अजून मुदत आहे, एकदा शेवटचा वापरून घेते" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. नंतर निस्तरायला माझ्याकडेच येतात.

ओसीआयचं म्हणाल तर त्यावर नाव "ओव्हरसीज सिटिझन" असलं तरी ते नागरिकत्व नाही. आजीवन व्हिसा आणि वर काही सवलती, एवढंच. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते.

---

टवाळ_पोपट

म्हणजे ओसीआय म्हणजे जावई. मान आहे, पंगतीत पहिला पाट आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही.

---

मंजुळा

जावई कसला, माहेरवाशीण म्हणा. तीच घरात वाढलेली असते, आणि तिलाच "किती दिवस आहेस?" विचारतात.

---

वकीलसाहेबा

मंजुळाताई, उपमा सुरेख, पण माहेरवाशिणीचं नाव सातबाऱ्यावर लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ ला आला. भाऊ हक्कसोडपत्रावर सही घ्यायला पेढे घेऊन येतात, हा भाग निराळा.

आणि माहेरचा विषय निघालाच आहे तर: परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व डिसेंबर १९९२ पर्यंत फक्त वडिलांकडून मिळायचं. आई भारतीय आणि बाप परदेशी असेल तर आईचा काही संबंधच नाही असं कायदा धरून चालायचा. घटना होऊन बेचाळीस वर्षं झाली होती.

---

निवांत_नाना

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तुम्हाला कोणी ढकललेलं नव्हतं. स्वतःच्या पायाने गेलात, चांगलं कमावलंत, आता तिथला पासपोर्टही हवाय आणि वर आजोबांच्या ताम्रपटाकडे बघून डोळेही पुसायचेत. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, संसदेत दिलेला आकडा आहे. सगळे असेच गळा काढून गेले असतील. एक काय ते ठरवा. आमच्या वेळी एक म्हण होती, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये.

---

टवाळ_पोपट

काडी पडली. मी सतरंजी घालून बसतो.

---

दगडफूल

नाना, तुमचं चालू द्या. मी धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मीही कॅनडातच. शपथ ऑगस्ट २०२३ ला घेतली. काय वाटलं? काहीही नाही. कार्यालयातून रजा काढली नव्हती. कॅमेरा बंद केला आणि पुढच्या मीटिंगला बसलो. पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआयचा अर्ज, दोन्ही "बघू दिवाळीच्या आसपास" म्हणून ठेवून दिलं.

२१ सप्टेंबरला भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले. दोन्ही सरकारांचं तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. २९ तारखेला आई कराडच्या घरी मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड. माझ्याकडे पीआर कार्ड नाही, भारतीय पासपोर्ट आहे पण तो वापरायचा नाही, कॅनडाचा आहे पण त्यावर व्हिसा नाही, ओसीआय नाही. कागदांचा गठ्ठा समोर पसरलेला आणि त्यातला एकही मला पुण्यापर्यंत नेईना.

आणीबाणीच्या अर्जासाठी फोनवर फोन केले. रुग्णालयाची कागदपत्रं हवीत म्हणाले. डॉक्टरांनी ती इंग्रजीत दिली, पण त्यांवर माझं नाव "चिरंजीव" एवढंच. यात कोणाचा दोष म्हणू? आळस माझाच. २६ ऑक्टोबरला एंट्री व्हिसा परत सुरू झाले, तेव्हा जाऊ शकलो. तोवर ऑपरेशन होऊन आई वॉकर घेऊन चालायला लागली होती. मला बघून म्हणाली, "आता कशाला आलास, सुट्टी फुकट घालवलीस."

पासपोर्ट जमा करताना काय वाटायला हवं होतं ते मला त्या पाच आठवड्यांत कळलं. ताई, गुरुवारी शपथ, शुक्रवारी सरेंडरचा अर्ज. भावना नंतर.

---

मंजुळा

दगडफूल, वाचून काटा आला. आई आता कशा आहेत?

---

दगडफूल

ठणठणीत. वॉकर मोरीबाहेर ठेवते आणि आत भिंत धरून जाते. सांगून उपयोग नाही.

---

खाडीपलीकडे

हा धागा मी दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. मी मूळचा रत्नागिरीकडचा, २००९ पासून कतारमध्ये. एसीचं डक्टिंग करतो, आता सुपरवायझर आहे.

तुमच्याकडे पासपोर्ट परत कसा करायचा याची चर्चा आहे. मला पासपोर्ट परत कसा मिळेल याची काळजी असायची. पहिल्या कंपनीत उतरल्या दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट "सांभाळायला" म्हणून घेतले आणि मॅनेजरच्या कपाटात ठेवले. तिथल्या कायद्यातही ते चालत नाही, पण चालायचं. देशाबाहेर जायचं तर मालकाची परवानगी लागायची, एक्झिट परमिट म्हणायचे त्याला. वडील वारले तेव्हा परमिटच्या सहीसाठी दोन दिवस बसलो होतो. मॅनेजर दुबईला गेला होता. मातीला पोचलो नाही, दहाव्याला पोचलो.

ते परमिट २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी बंद केलं आणि २०२० मध्ये घरकामाच्या बायांसाठीसुद्धा. तेव्हा आमच्या कँपमध्ये एकाने सगळ्यांना चहा पाजला होता.

नंतर एका माणसाने मला पासपोर्टचं शेवटचं पान दाखवलं. हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, असं छापलेलं असतं. बारा वर्षं जवळ होता, वाचला नव्हता. म्हणजे मॅनेजरच्या कपाटात माझी नाही, भारत सरकारची वस्तू कुलूप लावून ठेवली होती. हे आधी कळलं असतं तर निदान मोठ्या आवाजात बोललो असतो.

दोन मुली इथेच, दोह्यात जन्मल्या. मोठी चौदा वर्षांची आहे. अरबी माझ्यापेक्षा चांगलं बोलते, भातलावणी तिने यूट्यूबवर बघितली आहे. ती भारतीय. माझी नोकरी गेली तर सगळ्यांनी सामान बांधायचं. इथे कितीही वर्षं राहिलं तरी आमच्यासारख्यांना शपथही नाही आणि कात्रीही नाही. मी तक्रार करत नाही, पैसे मिळाले, घर बांधलं. पण नानांना सांगायचं होतं की ज्याला निवडायची सोय मिळते त्याला थोडं रडू द्या. काही बिघडत नाही.

---

टवाळ_पोपट

सतरंजी गुंडाळली. दादा, मनापासून लिहिलंत.

---

मिरगाचा_पाऊस

अवांतर: ओसीआयसाठी बाळाचा फोटो कोणी घरी काढलाय का? साधी फिकट पार्श्वभूमी, दोन्ही डोळे उघडे, तोंड बंद, मागे कोणाचा हात दिसायला नको. चार महिन्यांच्या पोराला हे कोण समजावणार? तीनदा अर्ज परत आलाय.

---

मंजुळा

साध्या फिकट चादरीवर निजवायचं आणि खुर्चीवर चढून वरून फोटो काढायचा. नवऱ्याला टाळ्या वाजवायला उभा करायचा. आमचा एकदाच परत आला, तोही नवऱ्याचं डोकं आलं म्हणून.

---

उल्हासित

खाडीपलीकडे यांनी पासपोर्ट वाचला नव्हता म्हणाले, त्यावरून आठवलं.

मी सिंधी, जन्म-शिक्षण सगळं उल्हासनगर. आजोबा शिकारपूरचे. कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत. लढाई संपून छावणी ओस पडली होती, तिथल्या बराकींमध्ये माणसं भरली. १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. आमच्या घराच्या पत्त्यात आजही बराक नंबर आहे. कुरियरवाले हसतात.

आजोबा फेब्रुवारी १९४८ मध्ये आले, आत्याबाईंचे सासरे १९४९ च्या सुरुवातीला. एका वर्षाचा फरक. पण घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात तारीख आहे, १९ जुलै १९४८. त्याआधी आलेले आणि इथे राहिलेले, जे स्वतः किंवा ज्यांचे आई-बाप वा आजी-आजोबा अखंड हिंदुस्थानात जन्मलेले, ते नागरिकच धरले. त्यानंतर आलेल्यांनी अर्ज करायचा, अर्जाआधी सहा महिने इथे राहिलेलं असलं पाहिजे, मग अधिकारी नोंद करणार. आजोबांना काहीच करावं लागलं नाही. सासरेबुवा मात्र पावती जपून ठेवायचे. मेणकापडात गुंडाळून, दागिन्यांच्या डब्यात. मी लहान असताना विचारलं होतं, यात काय आहे? म्हणाले, "यात मी आहे."

आजोबा शेवटपर्यंत शिकारपूरच्या गल्ल्यांची नावं सांगायचे. दोन देशांवर प्रेम करायला कायद्याची हरकत नसते, ती फक्त दोन पासपोर्टांना. म्हणून कृष्णाकाठची, ताम्रपट आरशाशेजारी राहू दे.

---

निवांत_नाना

उल्हासित, तुमच्या आजोबांना पळवून लावलं होतं. इथे विमानाचं तिकीट काढून गेलेत. तुलना करू नका. आणि मग त्या सीएएबद्दल गळा काढणाऱ्यांनी हेही बघावं की

---

संपादक

नाना, प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. सीएए, एनआरसी यांवर आधीच तीन धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद. या धाग्याचं काश्मीर करू नका. मूळ प्रश्न पासपोर्ट परत करण्याचा आहे.

---

अभ्यासू_बोका

संपादकांचा मान राखून, पक्षाचं राजकारण बाजूला ठेवून, फक्त दोन शब्दांकडे लक्ष वेधतो: "व्यक्ती" आणि "नागरिक".

राज्यघटना चाळा. अनुच्छेद १४, कायद्यापुढे समानता: कोणत्याही व्यक्तीला. अनुच्छेद २१, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य: कोणत्याही व्यक्तीचं. पण १५, १६ आणि १९, म्हणजे धर्म-जातीवरून भेदभावाला मनाई, सरकारी नोकरीत समान संधी, बोलण्याचं आणि देशभर कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य: हे नागरिकांना. हा शब्दांतला फरक मुद्दाम केलेला आहे. १९९५ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना हुसकून लावण्याच्या धमक्या चालल्या होत्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, नागरिकत्वाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण एकविसावा अनुच्छेद प्रत्येक माणसासाठी आहे, राज्याने त्यांचं रक्षण करायचं. १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर भारताची सही नाही, त्यामुळे निर्वासिताला इथे हा एकविसावा अनुच्छेदच काय तो मोठा आधार.

तर कृष्णाकाठची, गुरुवारी तुमच्याकडून "नागरिक"वाले अनुच्छेद जातील. "व्यक्ती"वाले इथे उतरल्यावर तुमचेच.

आणि नानांसाठी: १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पंधरावं कलम आहे. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, आणि ते मनमानीने काढून घेता येणार नाही. हे सगळे सांगतात. पण त्याच वाक्यात पुढे आहे की ते बदलण्याचा हक्कही नाकारता येणार नाही. पहिल्या कलमात "सगळे पुरुष" असा अर्थ होईल असा शब्द होता, तो "सगळी माणसं" करून घेतला तो भारताच्या हंसा मेहतांनी. हे जाता जाता.

---

पालावरची

बोक्याचं "व्यक्ती आणि नागरिक" वाचून राहवलं नाही. मोठं लिहिते.

मी सोलापूर भागात भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर दाखल्यांचं काम करते. जन्मदाखला, रेशनकार्ड, जातीचा दाखला. इथे सगळे नागरिक आहेत, कोणी नाही म्हणत नाही. फक्त सिद्ध कर म्हणतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक कैकाडी मुलगी, बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागेल एवढे गुण. जातीचा दाखला हवा. विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. बाप शाळेत गेला नाही. आजा पालात जन्मला, नोंद कुठे असणार? आजीचं आधार कार्ड आहे, त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या वस्तीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो. आधार हा नागरिकत्वाचाही पुरावा नाही, जातीचा तर नाहीच. गृहचौकशीला माणूस आला, त्याने विचारलं, मूळ गाव कोणतं? आजी म्हणाली, "कोणत्या महिन्यातलं?"

ती विनोद करत नव्हती. पावसाळ्यात एका गावी, सुगीला दुसऱ्या.

मग माझ्या सोबतच्या गुरुजींना सुचलं. मुलीचा पणजा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे. देशभरातून तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून आमच्याकडे तो दिवस पाळतात. स्वातंत्र्य यांना पाच वर्षं उशिरा मिळालं.

जुन्या दप्तरखान्यात अर्ज केला, चार महिने खेटे घातले. शेवटी तिथल्या एका शिपायानेच कापडाचा बस्ता सोडून दिला. हजेरीचं रजिस्टर, मोडीत आणि इंग्रजीत. पणज्याचं नाव, जात, बापाचं नाव, कपाळावरचा व्रण, आणि खाली निळा अंगठा. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने त्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला, लगेच उचलला, कोणी ओरडेल म्हणून.

त्याच पानाची प्रमाणित प्रत लावून दाखला मिळाला. चोर म्हणून लिहून ठेवलं होतं म्हणून ती इथली ठरली. पणज्याला शाळेत घातलं असतं तर शाळेचा दाखला लावला असता.

मला धागाकर्तीच्या दुःखाला कमी लेखायचं नाही. ताम्रपट आणि हजेरीचं रजिस्टर, दोन्ही सरकारनेच दिलेले कागद. एवढंच मनात आलं.

---

मंजुळा

निःशब्द. मुलगी आता?

---

पालावरची

पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहात. ॲनाटॉमी अवघड जाते म्हणते.

---

टवाळ_पोपट

पालावरची, "कोणत्या महिन्यातलं" ह्यावर आधी हसलो, मग पुढचं वाचून लाज वाटली. प्रामाणिकपणे सांगतो.

---

वकीलसाहेबा

पालावरची यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. जात पडताळणी समितीसमोर प्रकरण गेलं तर माझ्याकडून फी नाही.

---

निवांत_नाना
बुधवार, पहाटे ५:०६

झोप लागली नाही म्हणून लिहितो.

माझा मुलगा म्युनिकला असतो. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घ्यायला सुरुवात केली, पण आपल्याकडे ते चालत नाही, म्हणजे जर्मनीचं घेतलं की इथलं गेलंच. त्याने ते घेतलं आणि मला तीन महिन्यांनी सांगितलं. तेही मी त्याच्या नावचं बँकेचं केवायसीचं पत्र आलंय म्हटल्यावर. "बाबा, आता मी त्या रकान्यात बसत नाही" असं म्हणाला. रकान्यात.

मला राग नागरिकत्वाचा नव्हता. त्याने ठरवताना मला विचारलं नसतं तरी चाललं असतं. मला शेजारच्यांसारखं नंतर कळलं, याचा होता. तो इथे तुमच्यावर निघाला. कृष्णाकाठची, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण एक ऐका. तुम्ही लिहिलंय आईला सांगितलेलं नाही. शपथेच्या आधी सांगा. नंतर नको.

---

दगडफूल

नाना _/\_

---

मंजुळा

नानांना +१००.

---

टवाळ_पोपट

या संस्थळावर नानांनी प्रतिसाद मागे घेतल्याची ही पहिलीच नोंद. बस्त्यात बांधून ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागेल.

---

मिरगाचा_पाऊस

फोटो मंजूर झाला!! खुर्ची, चादर, टाळ्या. मंजुळाताई, तुमचे उपकार.

---

कृष्णाकाठची
गुरुवार, रात्री १०:४०

झालं.

नानांचा प्रतिसाद इथल्या मंगळवारी संध्याकाळी वाचला आणि तसाच फोन लावला. तिकडे सकाळ, आई पारायणाला निघाली होती. एका दमात सांगून टाकलं, राजासकट. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रडते आहे. ती चष्मा शोधत होती. मग म्हणाली, "मतदार यादीतलं नाव काढायचं का मग तुझं? मागच्या वेळी ते चिठ्ठ्या वाटणारे गुरुजी विचारत होते, तुमची मुलगी येते का मतदानाला. मी येईल म्हटलं." मी म्हटलं, "आई, आजोबांना काय वाटलं असतं गं?" तर म्हणे, "त्यांना तुझ्या लग्नातला बॅंडसुद्धा आवडला नव्हता."

आज साडेनऊला झूमवर ऐंशीएक चौकोन. कोणी साडीत, कोणी कोटात, एका चौकोनात कोणाच्यातरी मांडीवर झोपलेलं बाळ. उजवा हात वर करून आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. फ्रेंचमध्ये मी काय बोलले देव जाणे. राजाच्या नावाला नाही अडखळले. शपथेत पुढे इथल्या मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मान्य करण्याचं वाक्य आहे, तिथे आवाज गेला. पालावरचीने लिहिलेला तो निळा अंगठा डोळ्यांसमोर आला. ज्यांची ही जमीन होती त्यांना कोणी शपथ विचारली नसेल.

मग कात्री. कार्ड कापलंच जाईना. मी लेकीची चित्रकलेची कात्री घेऊन बसले होते, बोथट टोकांची. अधिकारी बाई "घाई नाही" म्हणत हसत होत्या आणि ऐंशी माणसं बघत होती. शेवटी नवरा स्वयंपाकघरातून मोठी कात्री घेऊन आला, त्याचा फक्त हात चौकोनात दिसला.

सरेंडरचा अर्ज आत्ताच भरला. दगडफूल, उद्यापर्यंत थांबले नाही. पासपोर्ट पाकिटात घालण्याआधी शेवटचं पान वाचलं. खाडीपलीकडे, खरंच छापलंय. मालमत्ता परत करते आहे, एवढंच म्हटलं मनाशी. बरं वाटलं म्हणणार नाही. कार्ड कापण्यापेक्षा हे पाकीट बंद करायला जास्त वेळ लागला.

वकीलसाहेबा, एकच राहिलं. मतदार यादीतलं नाव काढायला आईने काय करायचं?

---

वकीलसाहेबा

अभिनंदन. फॉर्म ७. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर आईंना त्या चिठ्ठीवाल्या गुरुजींकडेच द्यायला सांगा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, तेच असणार.

---

कृष्णाकाठची

ऑनलाइन नको. गुरुजींकडेच देते म्हणाली. त्यांना सांगायचं आहे तिला.